वारा असेपर्यंत

त्रिएस्तेत बोरा सुटला की
म्हाताऱ्या माणसांना कोपरा वळता यावा म्हणून
पूर्वी नगरपालिका रस्त्याकडेनं दोर बांधायची.
नेरीना कोसुत्ताचा बाप त्या खात्यात होता.
वारा पडला की सोडून आणायचा दोर,
मिठानं ताठरलेले,
जिन्याखाली वेटोळी करून ठेवायचा.
कायमचेच का नाही बांधत, तिनं विचारलं होतं सातव्या वर्षी.
तो म्हणाला, मग त्यांतच पाय अडकून पडतील लोक.

हे तिनं मला सांगितलं
तेव्हा उणे ऐंशीच्या फ्रीजरचं दार मी गुडघ्यानं रेटून धरलं होतं
आणि ती आत वाकून शोधत होती
एक्क्याण्णव सालची एक कुपी,
जिच्यात आता काहीच उरलेलं नसणार
हे दोघांनाही ठाऊक होतं.

एक्क्याण्णवमध्ये तिला अर्धं टेबल मिळालं होतं,
चौथ्या मजल्यावर, मोरीशेजारी.
सकाळी आरएनए बनवायचा. दुपारी तो नसायचा.
उघड्या बोटानं विरायचा, बोलण्यातल्या थुंकीनं विरायचा.
शहाणे लोक डीएनएकडे गेले. तो टिकतो.
ही राहिली.
रात्री जर्मन धुलाईयंत्रांच्या माहितीपुस्तिका
इटालियनमध्ये उतरवून भाडं भरायची.
(अजूनही कुठलंही यंत्र थरथरलं
की ती आधी त्याचे पाय तपासते.)

हृदय मागाहून आलं.
कातडी भरून येते, यकृत पुन्हा वाढतं,
हृदय मात्र जन्मल्यावर काही दिवसांतच
विसरून जातं कसं वाढायचं ते.
झटक्यानंतर तिथं वण धरतो:
इमानी, बहिरा,
फाटू देत नाही, पण ठोक्यात भागही घेत नाही.

आम्ही आधी विषाणूकरवी हुकूम पाठवला होता, कायमचा.
एकतिसावं डुक्कर महिन्याभरात बरं झालं.
प्रयोगशाळेत प्रोसेक्को उघडली, कागदी पेल्यांत.
सातव्या आठवड्यात पहाटे ते पिंजऱ्यात आडवं पडलेलं मिळालं.
हृदय वाढायचं थांबलंच नव्हतं,
कोवळ्या पेशी आपापल्या तालात धडधडत राहिल्या होत्या.
नेरीनानं ते दोन्ही हातांत धरलं,
बराच वेळ.
"कोर्दा," एवढंच म्हणाली. दोर.
आम्हांला वाटलं, झडपेच्या तंतूंबद्दल बोलतेय.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आरएनए.
तीन दिवस टिकणारा, सांगून जाणारा.
माझ्या भाषेत, मी तिला जेवताना म्हटलं,
सांगावा धाडणं म्हणजे निरोप,
आणि उठून जाणं म्हणजेही निरोपच.
तिनं तो शब्द पेपर नॅपकिनवर उतरवून घेतला,
तिच्या लिपीत, 'र' जरा जास्त घोळवून.

पहिला माणूस द्रागो मिलिच,
बंदरावरचा निवृत्त क्रेनवाला.
बायपास चालू असताना वणाच्या काठानं तीस टोचे.
सहा महिन्यांनी चार टक्के सुधारणा.
दुसऱ्या बाईला शून्य. तिसऱ्याला उणे एक.
चार टक्क्यांवर कुणी मथळा देत नाही.
द्रागो तपासणीला आला, टोपी हातात घेऊन म्हणाला,
"जिना चढताना तीनदा थांबायचो,
आता दोनदा थांबतो.
पण हल्ली थंडीही कमी आहे, डॉक्टर."
तिनं ते जसंच्या तसं वहीत लिहिलं,
थंडीसकट.

तिच्या शेवटच्या दिवशी भाषण झालं नाही.
कुपी तिनं कोटाच्या खिशात टाकली.
बाहेर बोरा,
कचऱ्याचे डबे चौकातून चालत निघालेले.
आता दोर बांधत नाहीत, विमा असतो.
मी तिचं कोपर धरलं.
बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं.
औषधाच्या दुकानापाशी भिंतीचा आडोसा येतो,
तिथं वारा एकदम तुटतो.
तिनं कोपर सोडवून घेतलं,
केस सारखे केले,
आणि चढाला लागली.